सर्व्हिस पॅकेजवर सही करण्याआधी

कोल्हापूर

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं नव्या गाडीचं कोटेशन नीट वाचलं. एक्स-शोरूम किंमत, आरटीओ, विमा, फास्टॅग, सगळं जागच्या जागी आहे. अडलो ते खालच्या एका ओळीपाशी : 'सर्व्हिस पॅकेज, ४ वर्षं किंवा ४०,००० किमी, रु. २४,०००'. म्हणजे पुढच्या चार वर्षांच्या सर्व्हिसिंगचे पैसे आजच भरायचे. तू फोनवर विचारलंस, घेऊ का म्हणून. फोनवर हो-नाही सांगून झालं असतं, पण पैसे तुझे आहेत, कष्टाचे आहेत, आणि कारण कळल्याशिवाय माझं नुसतं 'नको' तुझ्या काय कामाचं? या कागदावर लिहिलेल्या अटींना आणि या किमतीला माझं उत्तर 'नको' असंच आहे. पण अटी बदलल्या तर मीच तुला घे म्हणेन.

आधी एक गैरसमज काढतो. सेल्सवाला मुलगा तुला म्हणाला, बाहेर सर्व्हिसिंग केलं तर वॉरंटी जाते, म्हणून पॅकेज घ्या. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. वॉरंटी असेपर्यंत तू कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्येच जाणार आहेस आणि मीही तेच सांगेन, कारण उद्या इंजिनाचं काही निघालं तर सर्व्हिस रेकॉर्ड पूर्ण असलेलं बरं. पण त्याच वर्कशॉपमध्ये दर वेळी बिल भरून सर्व्हिसिंग करणाऱ्याची वॉरंटीही तितकीच शाबूत असते. म्हणजे तुलना अधिकृत वर्कशॉप आणि कोपऱ्यावरचं गॅरेज यांची नाहीच. एकाच वर्कशॉपला पैसे आज एकदम द्यायचे की दर वर्षी थोडे थोडे, एवढाच प्रश्न आहे.

आता त्याने तुला सांगितलेला '३४,००० चं काम २४,००० मध्ये' हा हिशेब. मी इतकी वर्षं सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरच्या टेबलाशी बसून जॉब कार्ड, म्हणजे गाडीवर करायच्या कामांच्या याद्या, भरली आहेत, त्यामुळे असली यादी कशी फुगते ते मला माहीत आहे. तू पाठवलेल्या यादीत एसी डिसइन्फेक्शन आहे, इंजिन डीकार्बनायझिंग (आतली काजळी काढणं) आहे, थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारा भाग) क्लीनिंग, इंटिरिअर क्लीनिंग आहे. तुझ्या गाडीच्या मॅन्युअलमधलं देखभालीचं वेळापत्रक काढून बघ. नव्या पेट्रोल गाडीला पहिल्या चार वर्षांत दर वेळी डीकार्बनायझिंग करा असं त्यात कुठंही लिहिलेलं नाही. ही कामं वर्कशॉपची कमाई वाढवतात, आणि त्यांची पूर्ण किंमत धरून 'बचत' दाखवली जाते. शिवाय पहिल्या सर्व्हिसिंगची मजुरी कंपनीनेच माफ केलेली आहे, ती मजुरीही या ३४,००० मध्ये मोजली आहे. जे तसंही फुकट मिळणार, त्याला बचत कसं म्हणायचं?

मी मॅन्युअल आणि कंपनीच्या संकेतस्थळावरचे सर्व्हिसिंगचे दर समोर ठेवून साधी बेरीज केली. पहिल्या वर्षी ऑइल आणि ऑइल फिल्टर, साधारण ३,०००. दुसऱ्या वर्षी एअर फिल्टर, केबिन फिल्टर, ब्रेक फ्लुइड धरून ६,०००. तिसरं वर्ष हलकं, ३,५००. चौथं मोठं, स्पार्क प्लगसकट ८,०००. एकूण झाले २०,५००. हे आजचे दर आहेत. दर वाढणार हे मला मान्य आहे, आणि पॅकेजवाल्यांचा सगळ्यात खरा मुद्दा तोच आहे. म्हणून वर्षाला सहा टक्के वाढ धरूनही पाहिलं, तर चार वर्षांचा खर्च २४,००० च्या थोडा वर जातो. म्हणजे भाववाढ धरून जेमतेम बरोबरी होते. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये ज्या सुट्या भागांवर २८ टक्के जीएसटी होता तो १८ वर आला, हेही विसरू नकोस. दर खालीही येतात.

पण तू ते पैसे रोख देणार नाहीस, कर्जात घालणार आहेस. 'ईएमआयमध्ये फक्त पाचशेचा फरक पडतो, मॅडम' असं तो म्हणाला ना? पाच वर्षं, ९ टक्के व्याज, २४,००० मुद्दल : महिन्याला साधारण ४९८ रुपये, साठ हप्त्यांत २९,९०० च्या आसपास. बरोबरी तिथेच संपली. ऑइल चौथ्या वर्षी बदलायचं, त्याचं व्याज आजपासून भरायचं, आणि पॅकेज संपल्यावरही वर्षभर हप्ता चालूच राहायचा. सोनू, कर्ज गाडीसाठी घे. गाडीच्या ऑइलसाठी नको घेऊस.

लोक म्हणतात, ज्याचं रनिंग जास्त त्याला पॅकेज परवडतं. मला ते पटत नाही. महिन्याला २,००० किमी चालवणाऱ्याचे ४०,००० किमी वीस महिन्यांत संपतात. एवढ्या काळात दर वाढून वाढणार किती? तुझ्यासारखीचं उलट आहे. ऑफिसला कंपनीची बस, गाडी शनिवार-रविवारची आणि महिन्यातून एकदा पुणे–कोल्हापूर, म्हणजे जाऊन-येऊन साधारण ४६० किमी. वर्षाला सात-आठ हजारांच्या पुढे तू जाणार नाहीस. तुझी सर्व्हिसिंग किलोमीटरवर येणारच नाही, तारखेवर येईल, आणि चार वर्षांची भाववाढ टळण्याचा फायदा मिळाला तर तुलाच मिळेल. पण त्यासाठी चार वर्षं तू इथं, याच गाडीबरोबर हवीस. तुझं ऑनसाइटचं, म्हणजे ऑफिसतर्फे परदेशी जायचं, चाललंय. दीड वर्षात गाडी विकून गेलीस तर उरलेल्या सर्व्हिसिंगचे पैसे परत मिळतात का, की पॅकेज नव्या मालकाच्या नावावर होतं? कोटेशनवर याबद्दल एक शब्द नाही. जे लिहिलेलं नाही, ते मिळत नाही असंच धरून चाल.

याहून महत्त्वाची गोष्ट मला त्या कागदाच्या खालच्या शिक्क्यावरून दिसली. हे पॅकेज कंपनीचं नाही, त्या डीलरचं स्वतःचं आहे. कंपनीचं पॅकेज चेसिस नंबरवर कंपनीच्या सिस्टीममध्ये चढतं आणि तिच्या कुठल्याही अधिकृत वर्कशॉपमध्ये चालतं. डीलरचं पॅकेज त्याच्याच दारात चालतं. कोल्हापूरला आलीस आणि इथं सर्व्हिसिंग करावंसं वाटलं, तर पुन्हा पैसे. त्याचं काम आवडलं नाही तरी चार वर्षं तिथंच. आणि डीलरशिप बंदही पडतात. शेव्हरोलेची विक्री २०१७ च्या अखेरीस भारतात थांबली, फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करण्याचं जाहीर केलं. दोन्ही वेळी ग्राहकांना सर्व्हिस देत राहू असं कंपन्यांनी सांगितलं, पण कितीतरी डीलरांनी शटर ओढलं. कंपनीचा शब्द कंपनी पाळेल. बंद पडलेल्या डीलरचं कुपन दुसरा डीलर कशाला घेईल?

ब्रेक पॅड, वायपर ब्लेड, क्लच, बॅटरी, टायर हे साधारणपणे अशा पॅकेजमध्ये नसतंच. तुझ्याही यादीत नाही. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये आधी झिजणार ते हेच. पॅकेज असलेली गाडी आली तरी आमच्याकडे जॉब कार्डवर पॅकेजबाहेरची कामं लिहिली जायचीच, आणि 'सगळं भरलंय' अशा समजुतीने आलेले ग्राहक बिल बघून थबकायचे. त्यांचे चेहरे मला अजून आठवतात. तुझ्यावर ती वेळ येऊ नये म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

पॅकेज कधी घ्यावं? कंपनीचं असेल, देशभर चालणारं असेल, गाडी विकल्यावर पुढच्या मालकाला जाणारं असेल, आणि मॅन्युअलमधल्या कामांच्या बेरजेपेक्षा निदान पंधरा-वीस टक्क्यांनी स्वस्त असेल तर जरूर घ्यावं, आणि रोखीने घ्यावं. सुटे भाग महाग असलेल्या गाड्यांना तर ते खरंच फायद्याचं ठरू शकतं. बीएमडब्ल्यू, स्कोडा, फोक्सवॅगन यांची स्वतःची अशी पॅकेजं आहेत आणि ती घेणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. तुझ्या गाडीला कंपनीचं पॅकेज १६–१७ हजारांत मिळालं तर मला लगेच कळव.

त्या मुलाशी भांडू नकोस. त्याला टार्गेट असतं, पॅकेजवर इन्सेंटिव्ह असतो, महिनाअखेर आली की त्याच्यावरही वरून ताण असतो. शांतपणे सांग, हे नको, ओळ काढून नवं कोटेशन द्या. 'पॅकेज घेतल्याशिवाय डिलिव्हरी लवकर मिळणार नाही' असं कोणी म्हणालं तर ते लेखी मागायचं. एका वस्तूसाठी दुसरी गळ्यात मारणं ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये बसत नाही, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर त्यासाठीच आहे. बाजारातल्या स्पर्धेवर नजर ठेवणाऱ्या भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींच्या वर दंड लावला होता, तोही सुटे भाग आणि दुरुस्ती आपल्याच जाळ्यात अडकवून ठेवल्याबद्दल. पुढे ते प्रकरण अपिलात गेलं, पण ग्राहकाला बांधून ठेवायचा हा प्रकार जुना आहे, एवढं त्यावरून कळतं.

एक्स्टेंडेड वॉरंटीची, म्हणजे मूळ वॉरंटी पुढे वाढवून घेण्याची, ओळ मात्र काढू नकोस. ती वेगळी गोष्ट आहे. सर्व्हिसिंगचा खर्च किती येणार हे आपल्याला आधी माहीत असतं. टचस्क्रीन किंवा स्टीअरिंगची मोटर कधी जाईल आणि बिल किती होईल हे माहीत नसतं. तीही कंपनीचीच आहे ना, तेवढं बघून घे.

आणि डिलिव्हरीच्या दिवशी कशावरही नव्याने सही करायची नाही. हार, पेढे, फोटो यांच्या गडबडीत तिथं बरेच कागद पुढे सरकवले जातात. बऱ्याच कंपन्यांचं पॅकेज पहिल्या सर्व्हिसिंगपर्यंत नंतरही घेता येतं. तुझ्या गाडीला शेवटची मुदत काय, ते मेलवर विचारून ठेव.

नवं कोटेशन आलं की लगेच पाठव. विम्याच्या अ‍ॅड-ऑनबद्दलही मला थोडं सांगायचंय, ते त्या कागदावरच्या रकमा बघून लिहितो. आई म्हणते, गाडी घेतल्यावर पहिली अंबाबाईच्या दर्शनाला आण.

तुझे,
बाबा