जायरोट्रॉनचे काम सांगलीपर्यंत येऊ द्या

प्रति,
मा. केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान मंत्री,
नवी दिल्ली

विषय : जायरोट्रॉनचे सुटे भाग देशातल्या लघुउद्योगांकडून करून घेण्याबाबत

महोदय,

कुपवाड एमआयडीसीत माझा मशिनिंगचा छोटा कारखाना आहे. संलयनासाठी, म्हणजे अणुकेंद्रके जोडून ऊर्जा मिळवण्यासाठी, प्लाझ्मा (विद्युतभारित वायू) 15 कोटी अंशांपर्यंत तापवावा लागतो आणि त्यासाठी लागणाऱ्या साधनांत जायरोट्रॉन महत्त्वाचे आहे. प्रखर चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेणाऱ्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा ते सूक्ष्मलहरींत बदलते. फ्रान्समधल्या ईटर या आंतरराष्ट्रीय संलयन प्रकल्पाच्या मूळ आराखड्यात एकेक मेगावॅटचे 24 जायरोट्रॉन होते. त्यातले दोन भारताच्या वाट्याचे. पिलानीच्या सीरी या इलेक्ट्रॉनिक्स संशोधन संस्थेने गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था, मुंबईची सूक्ष्मलहरी संशोधन संस्था समीर, आयआयटी रुरकी आणि बनारस हिंदू विद्यापीठ यांच्यासोबत 42 गिगाहर्ट्झ, 200 किलोवॅटच्या जायरोट्रॉनचे काम केले. त्याला पैसा आपल्याच खात्याने दिला, याचा मला अभिमान आहे.

पण प्रयोगशाळेत एक नमुना चालणे वेगळे आणि तेच दहा वेळा तसेच घडणे वेगळे. ईटरच्या 170 गिगाहर्ट्झला लहरीची लांबी जेमतेम पावणेदोन मिलिमीटर. जायरोट्रॉनमध्ये या लहरी जिथे तयार होतात, त्या पोकळीचा व्यास काही मायक्रॉननी चुकला तरी वारंवारता सरकते. त्यात ऑक्सिजनमुक्त तांबे मऊ, टूलला चिकटणारे. मग सिरॅमिकशी ब्रेझिंग (वितळलेल्या मिश्रधातूने जोडणी), मग हीलियम वायूने गळती शोधणारी लीक टेस्ट. असला हात एका ऑर्डरीत बसत नाही, कारागिराला तो जॉब पुन्हा पुन्हा करावा लागतो. ईटरच्या 3,850 टनी क्रायोस्टॅटचे (यंत्राभोवतीच्या निर्वात आवरणाचे) भाग गुजरातमधल्या हाजिऱ्यात घडले, म्हणजे अवजड काम आपल्याला जमते. बारीक कामातही आपण कमी नाही, फक्त ते सलग मिळत नाही. दोन नगांची निविदा निघते, सर्वात कमी दराला जाते, आणि पुढे वर्षानुवर्षे काहीच नाही. शिकवलेला मुलगा तोवर पुण्याला निघून जातो.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली ज्या जिल्ह्यात कारखाना उभा केला, तिथे लेथवर उभी राहणारी पिढी अजून आहे. तिला निदान पाच वर्षांचे काम ठरवून द्या, नग थोडे असले तरी चालतील. फक्त दर पाहून काम देऊ नका. व्हॅक्यूम ब्रेझिंगची भट्टी आणि लीक टेस्टची सोय एकट्या कारखानदाराला झेपणारी नाही. ती वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयासारख्या ठिकाणी सर्वांसाठी उभारावी. आणि एक नक्की करा : आमचा जॉब नापास झाला तर नुसता परत पाठवू नका, कुठे आणि किती चुकला ते मोजमापासह कळवा.

आपला विश्वासू,
एक लघुउद्योजक, कुपवाड, जि. सांगली