पोटातल्या बॅक्टेरियाची बातमी वाचून लोकं गोळ्या मागायलेत

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागं तुमच्या पेपरात आतड्याच्या कॅन्सरवर एक छोटी बातमी आली होती, पोटातल्या जिवाणूमुळं तरुणांना कॅन्सर अशा अर्थाचं हेडिंग, खाली चार-पाच ओळी आणि आतड्याचं चित्र, बस. तेव्हापासून आमच्याकडं सेलूत मेडिकलवर लोकं येऊन "भाऊ, पोटातले जंतू मारायची गोळी द्या" म्हणायलेत, कुणी मेट्रोनिडाझोल या अँटिबायोटिकचं पाकीट मागतंय, कुणी प्रोबायोटिकच्या म्हणजे चांगल्या बॅक्टेरियाच्या पुड्या, एक जण तर लेकराला आतापासूनच काही सुरू करायचं का म्हणून विचारत होते. बातमी खोटी नव्हती, पण अर्धी होती, आणि आरोग्याची अर्धी बातमी औषधाच्या काउंटरवर येऊन काय करते हे मी रोज बघतो म्हणून हे पत्र लिहितोय. लांब झालंय, कापायचं तर ही सुरुवात कापा पण पुढचं छापा.

ते संशोधन लुडमिल अलेक्झांड्रोव्ह यांच्या टीमचं. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो कॅम्पसला असतात ते, एप्रिल २०२५ मध्ये 'नेचर' या विज्ञानाच्या मासिकात आलं. ११ देशांतल्या ९८१ पेशंटच्या गाठींचा अख्खा डीएनए त्यांनी वाचून काढला. हे गृहस्थ पोटाचे डॉक्टर नाहीत, त्यांचं काम म्हणजे डीएनएवर पडलेल्या खुणा ओळखायचं. सिगारेटच्या धुरानं डीएनए बिघडतो तो एका ठरावीक पद्धतीनं, उन्हातल्या अतिनील किरणांनी बिघडतो तो वेगळ्या पद्धतीनं, त्यामुळं गाठ वाचली की त्या माणसाच्या पेशींना आधी कशाचा मार बसला होता ते कळतं, आणि या खुणांची पहिली मोठी यादी २०१३ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीच केली होती. तर या ९८१ गाठींत कोलिबॅक्टिन नावाच्या विषाची खूण चाळिशीच्या आत कॅन्सर झालेल्यांत सत्तरीच्या पुढच्यांपेक्षा ३.३ पट जास्त दिसली.

कोलिबॅक्टिन तयार करतात ई-कोलाय नावाच्या बॅक्टेरियाच्या काही जाती, सगळ्या नाही. ई-कोलाय माझ्याही आतड्यात आहे आणि तुमच्याही, त्यानं घाबरायचं काही कारण नाही. फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांनी २००६ साली हे विष शोधलं, ते सरळ डीएनएला चिकटून त्याची मोडतोड करतं. पुढं २०२० मध्ये नेदरलँडला हान्स क्लेव्हर्स यांच्या लॅबमध्ये माणसाच्या आतड्याच्या पेशींपासून वाढवलेल्या चिमुकल्या आतड्यांत हा बॅक्टेरिया पाच महिने ठेवून बघितला आणि नेमकी कुठली खूण पडते ते पक्कं केलं. अलेक्झांड्रोव्ह यांच्या टीमनं तीच खूण गाठींत शोधली.

आता जे बातमीत आलंच नाही ते. या टीमच्या हिशोबानं ही खूण पडते लहानपणी, बहुतेक पहिल्या दहा वर्षांत. देवीचा रोग बरा झाला तरी चेहऱ्यावरचे व्रण जन्मभर राहायचे ना, तसं हे आहे, बॅक्टेरिया केव्हाच निघून गेलेला असू शकतो आणि खूण मागं राहते. मग चाळीस वर्षांच्या माणसानं आज मेट्रोनिडाझोल खाऊन काय पुसायचं? आणि हेही लक्षात घ्या की खूण सापडली म्हणजे कॅन्सर त्यानंच झाला हे अजून सिद्ध झालेलं नाही, संबंध दिसतोय आणि तो जोरदार दिसतोय, पण ती खूण अंगावर घेऊनही बरेच लोक कॅन्सरशिवाय आयुष्य काढत असतील.

मेट्रोनिडाझोलचं नाव लोकांपर्यंत कुठून आलं याचा मला अंदाज आहे. सुसान बुलमन यांचं संशोधन आहे, २०१७ साली 'सायन्स'मध्ये आलेलं, आतड्याच्या गाठीत फ्युसोबॅक्टेरियम नावाचा तोंडातला बॅक्टेरिया सापडतो, कॅन्सर लिव्हरमध्ये पसरला तर तिथंही तो सोबत जातो, आणि ज्या उंदरांच्या अंगात अशी माणसाची गाठ लावली होती त्यांना मेट्रोनिडाझोल दिल्यावर गाठ हळू वाढली. उंदरांना! आणि तेसुद्धा गाठ असलेल्या उंदरांना. पुढं २०२४ मध्ये त्यांनीच ख्रिस्तोफर जॉन्स्टन यांच्यासोबत अमेरिकेत सिएटलच्या फ्रेड हच कॅन्सर सेंटरमधून दाखवलं की या बॅक्टेरियाचा एक विशिष्ट गटच जवळपास निम्म्या गाठींत असतो, पोटातल्या ॲसिडमधून जिवंत पार होणारा. पुढंमागं यातून औषध निघेल, निघावंच. पण आज धडधाकट माणसानं मनानं अँटिबायोटिक घ्यायचा यात कुठंच सल्ला नाही, उलट स्वीडनच्या उमिओ विद्यापीठानं २०२१ साली आतड्याच्या कॅन्सरच्या ४० हजार पेशंटच्या नोंदी तपासल्या तर ज्यांनी सगळं मिळून सहा महिन्यांपेक्षा जास्त अँटिबायोटिक घेतलं होतं त्यांच्यात मोठ्या आतड्याच्या उजव्या भागातल्या कॅन्सरचा धोका १७ टक्के जास्त निघाला. ही शेड्यूल एचची औषधं आहेत, चिठ्ठीशिवाय द्यायची नसतात, आणि माझ्या धंद्यातल्या भावांनाही माझं हेच सांगणं आहे की गिऱ्हाईक तुटलं तरी चालेल पण देऊ नका.

आमच्या भागात खरं मरण येतं ते वेगळ्याच गोष्टीनं, त्यावर कुणी लिहीत नाही. शौचातून रक्त पडलं की इकडं एकच निदान, मूळव्याध. एसटी स्टँडच्या भिंतीवर, रेल्वे गेटजवळ, जिकडं बघाल तिकडं मूळव्याध-भगंदर विना ऑपरेशनचे बोर्ड आहेत. माणूस आधी महिनाभर लाजेपायी बोलत नाही, मग मलम नेतो, मग कुणीतरी पाला सांगतं, मग बोर्डवाल्याकडं जाऊन दोरा बांधून येतो, आणि या सगळ्यात वर्ष निघून जातं. बायकांचं तर विचारूच नका, स्वतः येऊन सांगणारी बाई क्वचितच, घरचा माणूस येतो आणि "घरी पाहिजे, मूळव्याधीचं द्या" एवढंच बोलतो, मी पुढं विचारलं की किती दिवसांपासून, वजन कमी झालंय का, तर त्याला काही माहीत नसतं. अशक्तपणा आला तर लाल गोळ्या चालू, रक्त कमी का झालं हे बघायचं राहूनच जातं. बहुतेकांना मूळव्याधच असते हे खरं आहे, पण ज्याला नसते त्याचं काय?

सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठानं २०२३ मध्ये पन्नाशीच्या आत आतड्याचा कॅन्सर झालेल्या ५ हजारांवर पेशंटच्या नोंदी बघितल्या, तेव्हा निदानाच्या तीन महिने ते दोन वर्षं आधीच चार गोष्टी दिसायला लागलेल्या होत्या: पोटदुखी, शौचातून रक्त, सारखे जुलाब आणि लोह कमी होऊन झालेला ॲनिमिया. या चार गोष्टी तुमच्या हेडिंगच्या जागी मोठ्या अक्षरात आल्या असत्या तर त्या बातमीनं कुणाचा तरी जीव वाचवला असता. आणि हा म्हाताऱ्यांचा आजार असं इथंही कुणी समजू नये, मुंबईच्या टाटा हॉस्पिटलनं ८०० पेशंटचा अभ्यास केला त्यात सरासरी वय ४७ च्या आसपास निघालं. आपल्याकडं तरुण लोकसंख्याच जास्त म्हणून ते थोडं खाली येतं हे मान्य, तरी ४७ म्हणजे घरातला कमावता माणूस.

सरकारी कार्यक्रमात तिशीच्या पुढच्यांची तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरची तपासणी होते, आतड्याची नाही. प्रत्येकाची कोलोनोस्कोपी करा असं मी म्हणत नाही, तेवढ्या मशिनी आणि तेवढे डॉक्टर आपल्या जिल्ह्यात आणायचे कुठून, पण ज्याला रक्त पडतंय त्याला डॉक्टरनं बोट घालून तपासायला आणि शौचाची साधी तपासणी करायला खर्च तो किती.

ज्या ११ देशांचा अभ्यास झाला त्यात जपान आहे, थायलंड आहे, इराण आहे, ब्राझील आहे, भारत नाही. मला हे लई खटकलं. आपल्या लोकांच्या पोटातले बॅक्टेरिया वेगळे आहेत हे तर पुण्यात योगेश शौचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्येच दाखवलंय, भारतीयांच्या आतड्यात प्रीव्होटेला नावाचा बॅक्टेरिया जास्त, जो धान्य-डाळी खाणाऱ्यांच्या पोटात वाढतो. आणि बार्शीला १९८७ पासून ग्रामीण भागातली देशातली पहिली कॅन्सर नोंदणी चालू आहे, त्यात आपल्या धाराशिव जिल्ह्यातले परांडा आणि भूम तालुके पण येतात, तिथं आतड्याच्या कॅन्सरचं प्रमाण जगाच्या मानानं फारच कमी दिसत आलंय. जगात वर्षाला १९ लाख लोकांना हा कॅन्सर होतो आणि आपल्या खेड्यांत तो इतका कमी, तर तो का कमी आहे हे शोधायला अख्ख्या जगानं इकडं यायला पाहिजे होतं.

खाण्याचा संबंध असणार असं मला वाटतं, कारण पिट्सबर्गचे स्टीफन ओ'कीफ यांनी २०१५ मध्ये २० आफ्रिकन-अमेरिकन आणि २० दक्षिण आफ्रिकेतले खेड्यातले लोक घेऊन दोनच आठवडे त्यांच्या जेवणाची अदलाबदल केली, तर तेवढ्यात आतड्याच्या अस्तराची सूज आणि पेशी वाढायचा वेग बदलला, भरपूर फायबर खाणाऱ्यांच्या पोटात ब्युटिरेट वाढलं, जे बॅक्टेरिया फायबर आंबवून तयार करतात आणि ज्यावर आतड्याच्या पेशी जगतात. कॅन्सर टळतो एवढं काही दोन आठवड्यांत सिद्ध होत नाही, पण दिशा कळते. आपल्याकडं लगेच भाकरी सुटली म्हणून हे झालं असं बोलतात, ते पूर्ण बरोबर नाही, हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यात १०० ग्रॅम ज्वारीत फायबर १० ग्रॅम आणि गव्हाच्या आट्यात ११, म्हणजे पोळीचा दोष नाही. मैद्यात मात्र पावणेतीन. आणि आमच्या गल्लीतली लेकरं सकाळी चहासोबत बिस्किट-खारी खाऊन शाळेत जायलेत, दुपारी पाव, संध्याकाळी पाच-दहा रुपयांची पाकिटं, अंबाडीची भाजी आणि हरभऱ्याची उसळ ताटात आली की तोंड फिरवतात. लहानपणीची पहिली दहा वर्षं जर एवढी महत्त्वाची असतील तर मला काळजी या लेकरांची आहे.

म्हणून माझी विनंती अशी की तुमच्या वार्ताहरांनी संभाजीनगरला घाटी या सरकारी दवाखान्यात आणि शासकीय कॅन्सर हॉस्पिटलमध्ये, नांदेडला, अंबाजोगाईला जाऊन विचारावं की आतड्याच्या ऑपरेशनमध्ये निघालेल्या गाठींचे नमुने पेशंटच्या परवानगीनं जपून ठेवतात का, त्यासोबत त्याचं वय, गाव, लहानपणचं खाणं, औषधं यांची नोंद होते का, आणि पुढच्या अशा अभ्यासात मराठवाड्याचे नमुने जायला काय लागेल. जे उत्तर मिळेल ते छापा, आणि त्याच पानावर त्या चार लक्षणांची चौकट द्या, मी ती कापून काउंटरच्या काचेवर लावतो.

आपला वाचक,
एक मेडिकल दुकानदार, सेलू, जि. परभणी