उच्चारस्थाने नुसती पाठ करून भागणार नाही

महोदय,

शालेय व्याकरणात वर्णविचार येतो तो तक्त्याच्या रूपाने: कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य, मग अघोष-घोष, अल्पप्राण-महाप्राण. मुले तो गुणांपुरता पाठ करतात. खरे तर यातली बहुतेक प्रत्येक संज्ञा वर्गातच पडताळून पाहता येते, आणि तशी पाहिली की संस्कृतसाठी बांधलेला हा तक्ता मराठीला कुठे अपुरा पडतो तेही कळते.

घोष-अघोष घ्या, म्हणजे स्वरतंतूंच्या कंपासह आणि कंपाविना येणारे ध्वनी. गळ्यावर बोटे ठेवून ‘क’ आणि ‘ग’ म्हणायला सांगितले की मुले म्हणतात, दोन्ही वेळा कंप जाणवतो. त्यांचे बरोबरच असते. ‘क’ म्हणताना त्यात ‘अ’ असतो, आणि स्वर घोषच. म्हणून ‘पत्ता’ आणि ‘मुद्दा’ हे शब्द द्यावेत आणि जोडाक्षरावर जीभ क्षणभर दाबून धरायला सांगावी. ‘त्त’वर कंप थांबतो, ‘द्द’वर चालू राहतो. महाप्राणासाठी, म्हणजे हवेच्या झोतासह येणाऱ्या ध्वनींसाठी, ओठांसमोर कागदाची पातळ पट्टी धरावी. ‘ट’ला ती जेमतेम हलते, ‘ठ’ला उडते. ‘प-फ’ ही जोडी इथे टाळावी, कारण अनेकांचा ‘फ’ आता खालचा ओठ वरच्या दातांना लावून येतो, म्हणजे तो स्पर्श (हवा पूर्ण अडवून सोडलेला ध्वनी) न राहता घर्षक (हवा घासत जाणारा ध्वनी) झालेला असतो. ‘ध’, ‘भ’ यांनाही पट्टी तितकी उडत नाही, कारण तिथे स्वरतंतू कंप पावत असतानाच किंचित विलग राहून हवा सोडतात. नासिक्य तर सगळ्यांत सोपे: ‘म्म्म’ म्हणताना नाक चिमटीत धरले की आवाज बंद.

खरी अडचण ‘च’वर्गाची आहे. तक्ता त्याला तालव्य म्हणतो. मराठीत मात्र ‘च’, ‘ज’, ‘झ’ यांचे दोन-दोन उच्चार आहेत. ‘चित्र’ म्हणताना जिभेचा पुढचा भाग टाळूला लागतो, ‘चूल’ म्हणताना जिभेचे टोक वरच्या दातांच्या मुळाशी जाते. हे ध्वनी स्पर्शाने सुरू होतात आणि घर्षणात संपतात, तेव्हा शेपटी ऐकावी: ‘चित्र’मधला ‘च’ लांबवला तर ‘श’सारखे ऐकू येते, ‘पाच’मधला लांबवला तर ‘स’सारखे. व्याकरणात या दुसऱ्या उच्चाराला दंततालव्य हे नाव आहे, पण त्याची बोळवण सहसा एका ओळीत होते.

हा नुसता उच्चारातला बारकावा नाही. ‘ताट’, ‘थाट’, ‘दाट’ यांत एक ध्वनी बदलताच अर्थ बदलतो, म्हणून त, थ, द हे वेगळे स्वनिम, म्हणजे अर्थभेद करणारे ध्वनी. त्याच कसोटीवर ‘जग’ (दुनिया) आणि ‘जग’ (जगणेचे आज्ञार्थी रूप) ही जोडी लावून पाहा. लिहायला एक, बोलायला दोन. ‘चार’ (संख्या) आणि गुरांना ‘चार’ यांतही तोच भेद आहे. काही ठिकाणी नियम हाताशी आहे: इ, ई, य यांच्या आधी तालव्यच येतो, म्हणून ‘माझा’तला झ ‘माझी’त बदलतो आणि ‘चोच’चे ‘चोची’ होताना दुसरा च बदलतो, पहिला नाही. ‘छ’ला दंततालव्य जोडीदार नाही. इतरत्र मात्र शब्द माहीत असावा लागतो: ‘चंद्र’ तालव्य, ‘चाक’ दंततालव्य; ‘जय’ तालव्य, ‘जाड’ दंततालव्य. जन्मापासून मराठी ऐकणाऱ्याला हे आपसूक येते. परप्रांतातून आलेल्या विद्यार्थ्याला, परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलाला किंवा मजकूर वाचून दाखवणाऱ्या संगणकप्रणालीला ते छापील अक्षरावरून कळणार कुठून?

म्हणून मागणी एवढीच की शब्दकोशांत आणि नवशिक्यांच्या पाठ्यपुस्तकांत दंततालव्य अक्षराखाली नुक्ता (टिंब) छापावा: च़, ज़, झ़. काश्मिरी देवनागरीत लिहितात तेव्हा च़ याच ध्वनीसाठी वापरतात आणि युनिकोडमध्ये तो आजही टंकित करता येतो. हिंदीच्या सवयीने कोणी ज़ हा निव्वळ घर्षक वाचेल हा आक्षेप रास्त आहे. कोशाच्या प्रारंभी खुलासा दिला की तो निकालात निघतो. रोजच्या लेखनात किंवा वृत्तपत्रात हे चिन्ह यावे असे मुळीच म्हणणे नाही.

– मराठी ध्वनिविचाराचा एक अध्यापक, कोल्हापूर