कच्च्या तांदळाचं विचारलंत म्हणून

डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

मागच्या श्रावणात तुमच्या लॅबमध्ये रक्त देऊन गेलेली ती ४३ वर्षांची बाई मी. रिपोर्टात हिमोग्लोबिन ७.४ होतं, त्याचं मला काहीच वाटलं नाही. जिना चढताना धाप, केस गळणं, बायकांचं हे चालायचंच. हादरले ते प्लेटलेटच्या आकड्याने : ६ लाख ४० हजार! साडेचार लाखांच्या आत हव्यात म्हणे. रात्री मोबाइलवर शोधत बसले आणि रक्ताच्या कॅन्सरशिवाय दुसरं काही दिसेना. जाऊबाई म्हणाल्या, "जास्त आहेत ना, मग बरंच की! डेंग्यूत लोक पपईच्या पानांचा रस पिऊन वाढवतात."

दुसऱ्या दिवशी तुम्ही आत बोलावलंत. स्लाइड स्वतः पाहिली होतीत. तांबड्या पेशी बारीक, फिकट. आणि एकदम विचारलंत, "कच्चे तांदूळ खाता का हो?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सासूबाई झोपल्या की रोज मूठ-दोन मूठ खात होते, घरात कुणाला पत्ता नव्हता. मग पाळीचं विचारलंत : किती दिवस, गाठी पडतात का. इतकी वर्षं टॉनिक लिहून देणाऱ्यांनी हे कधी विचारलं नव्हतं.

फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, ४ निघालं, अगदी तळाला. कच्चे तांदूळ खावेसे वाटायचे तेही त्यामुळेच. तुम्ही सांगितलंत, तांबड्या पेशी आणि प्लेटलेट अस्थिमज्जेत एकाच मूळ पेशीपासून निघतात. लोह आटलं की पारडं बहुधा प्लेटलेटकडे झुकतं. बी-१२ कमी पडलं तर मात्र दोन्ही घसरू शकतात. हे मी जाऊबाईंना सांगितलं. त्यांच्या भावाच्या प्लेटलेट ९० हजार, ताप नाही, तरी पपईचा रस चालूच होता! तपासलं तर बी-१२च कमी.

"आधी लोह भरू. दोन महिन्यांनी पुन्हा मोजू, तेव्हाही चढलेल्याच असतील तर पुढचं बघू," म्हणालात आणि स्त्रीरोगतज्ज्ञांकडे धाडलंत. गर्भाशयात फायब्रॉइडची गाठ होती, पाळीत जास्त रक्त जायचं ते त्यामुळेच. त्यावर उपचार झाले. गोळ्या लिंबूपाण्याबरोबर घेतल्या. त्यापायी सकाळचा चहा लांबवणं फार जड गेलं, खोटं कशाला बोलू. दोन महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.१, प्लेटलेट ३ लाख १० हजार. साठा भरावा म्हणून गोळ्या पुढेही चालू ठेवल्या, त्या गेल्या आठवड्यात संपल्या. म्हणून आज लिहितेय. मनापासून आभार.

परवा सासूबाई डबा हलवून म्हणाल्या, "हल्ली तांदूळ बरे उरतात गं."

तुमची,
एक पेशंट