आगेऱ्याला शेत हवेच असे नाही

‘शेती संपली, आता आगेरा नावापुरताच’ हे आगेरा या सुगीच्या सणावरील लेखातील विधान पटले नाही. या सणाला, ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी, मुंबईतील ईस्ट इंडियन (इथले मूळचे मराठीभाषक) ख्रिस्ती नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये आशीर्वादासाठी नेतात. पण बायबलमध्ये सणांच्याच नियमांत (लेवीय २३:२२) शेताच्या कडेचे पीक गरीब आणि परक्यांसाठी राखायला सांगितले आहे. देवाचे आभार मानायचे तर गरिबाचा वाटा आधी काढायचा! मिझोराममध्ये १९१०पासून गृहिणी भात शिजत घालण्यापूर्वी त्यातले मूठभर तांदूळ चर्चसाठी वेगळ्या डब्यात काढून ठेवतात. त्याला स्वतःचे शेत लागत नाही. आपल्याकडेही वर्षभर असे तांदूळ साठवून आगेऱ्याला आणावेत आणि चर्चने ते धर्म न विचारता परिसरातील गरजूंना वाटावेत.

— एक वाचक, वांद्रे