कांडी नवी, वेळ जुनीच

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या गोठ्यात लहान-मोठी अकरा जनावरं आहेत, सगळी होल्स्टिन संकरित. कालवडीच व्हाव्यात म्हणून दोन वर्षांत मी नऊ कांड्या (गोठवलेल्या वीर्याच्या बारीक नळ्या) लिंगनिश्चित वीर्याच्या वापरल्या. आमच्याकडं तिला सगळे 'सॉर्टेड' म्हणतात. पहिल्या चार वाया गेल्या. चारही वेळा गाय एकविसाव्या दिवशी उलटली, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आली. पाचवी गाभण राहिली, ती एका लग्नाच्या कृपेनं.

त्या दिवशी सकाळी नऊला सासूबाईंनी हाक मारली. पहिलारू कालवडीच्या अंगावर शेजारची गाय चढत होती आणि ही मुकाट उभी. सोट, म्हणजे माजाचा चिकट स्राव, काचेच्या तारेसारखा लोंबत होता. रेतन करणाऱ्या मुलाला फोन केला, तर तो वऱ्हाडात. "संध्याकाळी येतो वहिनी," म्हणाला आणि उगवला दुसऱ्या दिवशी, फटफटताना. तोवर कालवड शांत झाली होती. आता कशाला महागाची कांडी घालवतोस म्हणून मी त्याच्यावर तोंड टाकलं. त्यानं भरवली, माझ्याकडं न बघता. ती राहिली. आज तिची कालवड सात महिन्यांची आहे.

पुढं ओळखीच्या एका पशुवैद्यकांना हा प्रकार सांगितला, तेव्हा ते हसले. त्यांनी सांगितलेलं माझ्या शब्दांत लिहिते. मादी बनवणाऱ्या शुक्राणूत डीएनए नराच्यापेक्षा सुमारे ४ टक्के जास्त असतो. रंग देऊन, लेझरच्या उजेडात एकेक शुक्राणू पारखून ते वेगळे काढतात. या सगळ्या ओढाताणीत ते थकतात, कमी वेळ तग धरतात. शिवाय साध्या कांडीत साधारण २ कोटी शुक्राणू असतात, तर या कांडीत २० लाख, फार तर ४० लाख. आणि स्त्रीबीज सुटतं माज सुरू झाल्यापासून २४ ते ३० तासांनी. साध्या कांडीचे शुक्राणू पिशवीत वाट बघत बसू शकतात, हे नाही. म्हणून सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवा, हा आपला जुना हिशेब इथं थोडा लवकरचा पडतो. १६ ते २४ तासांच्या दरम्यान भरवलेलं बरं.

अमेरिकेत मांसासाठी पाळलेल्या गायींचे मोठे कळप औषधं देऊन एकाच वेळी माजावर आणतात. तिथं शेपटीच्या मुळाशी एक चिकटपट्टी लावतात. दुसरी गाय चढली की तिच्यावरचा रंग खरवडला जातो. जिची पट्टी तशीच कोरी, तिला त्या दिवशी भरवत नाहीत, आणखी २० तास थांबतात. मिसुरी विद्यापीठातल्या लोकांनी ही पद्धत लिंगनिश्चित वीर्यासाठीही तपासून पाहिली आहे. आमच्याकडं पट्टी नाही, सासूबाई आहेत. पण माज कधी सुरू झाला हे त्यांना विचारतं कोण?

उरलेल्या चार कांड्या मी वेळ बघूनच भरायला लावल्या. त्यातल्या दोन राहिल्या. एकीला गोऱ्हा झाला. दहात एखादा होतोच म्हणतात, तो माझ्या वाट्याला आला. नऊ कांड्यांचा हिशेब म्हणजे काही संशोधन नव्हे, हे मलाही कळतं. पण चार लागोपाठ उलटल्या तेव्हा गावात "सॉर्टेड राहतच नाही" अशी बोंब झाली आणि दोघांनी तर तेव्हापासून ते बंदच केलं, हेही खरं.

५ ऑक्टोबर २०२४ला वाशीम जिल्ह्यात पंतप्रधानांच्या हस्ते या वीर्याच्या देशी तंत्राची सुरुवात झाली. मात्रेमागं साधारण २०० रुपये वाचतील असं तेव्हा सांगितलं गेलं. वाचावेत, हवेच आहेत. गोऱ्ह्याचं काय करायचं हा प्रश्न आम्हाला रोजचा आहे. नांगर ट्रॅक्टरनं चालतो, २०१५ पासून राज्यात बैल-वळूंच्या कत्तलीलाही बंदी आहे, आणि रात्री कुणीतरी रस्त्यावर सोडून दिलेली खोंडं सकाळी आमच्याच मक्यात असतात. पण दोनशे रुपये वाचवून कांडी चुकीच्या वेळी गेली, तर एकवीस दिवसांचा चारा आणि भाकड काळ वाढतो, तो कुठल्या खात्यात धरायचा?

पशुसंवर्धन खात्याला माझं सांगणं एवढंच. जी गाय तीन-तीनदा उलटते, तिच्यावर ही कांडी खपवू देऊ नका. ती नेमाने माजावर येणाऱ्या, अंगात भरलेल्या कालवडींसाठी ठेवा. किती मात्रा वाटल्या याचे आकडे छापता, तसे किती कालवडी जन्मल्या तेही छापा. आणि रेतनाच्या कार्डावर तारखेशेजारी 'माज केव्हा सुरू झाला' असा एक रकाना काढा, म्हणजे येणारा माणूस निदान विचारील तरी. सध्या आम्ही ती वेळ गोठ्याच्या दारावर खडूनं लिहितो. पावसाळ्यात पुसून जाते.

आपली,
एक दूध उत्पादक शेतकरी महिला,
जि. सातारा