मदरबोर्ड बदलताना न विचारता लॅपटॉप फॉरमॅट केल्याबद्दल तक्रार

दिनांक : ८ सप्टेंबर २०२५
सांगली

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग, मुख्य कार्यालय

विषय : अधिकृत सर्व्हिस सेंटरने माझी परवानगी न घेता लॅपटॉप फॉरमॅट केला, त्याबद्दल तक्रार व भरपाईची मागणी
संदर्भ : दि. १८ ऑगस्ट २०२५ ची जॉबशीट (प्रत सोबत)

महोदय,

गेल्या दसऱ्याला, १२ ऑक्टोबर २०२४ रोजी, मी तुमच्या कंपनीचा लॅपटॉप ६२,००० रुपयांना घेतला. मी घरीच डीटीपीचं काम करते. लग्नपत्रिका, शाळांच्या स्मरणिका, दिवाळी अंकांची पानं लावणं हा माझा चरितार्थ आहे. १६ ऑगस्टला मशीन अचानक बंद पडलं. चार्जर लावला तरी दिवा लागेना. वॉरंटी चालू होती, म्हणून सोमवारी, १८ तारखेला, तुमच्या सर्व्हिस सेंटरला नेऊन दिलं. तपासून त्यांनी सांगितलं की मदरबोर्ड गेलाय, कंपनीकडून नवीन येईल, पैसे लागणार नाहीत. इथपर्यंत माझी काहीही तक्रार नाही.

मी काउंटरवर एकच गोष्ट विचारली होती : "आतल्या फाइल्सना धक्का लागणार नाही ना?" त्यावर उत्तर मिळालं, "नाही मॅडम, हार्डडिस्कला आम्ही हातच लावत नाही. फक्त बोर्ड बदलतो." त्या भरवशावर मी सही केली.

२२ ऑगस्टला दुपारी चार चाळीसला त्यांच्या टेक्निशियनचा व्हॉट्सॲपवर फोटो आला. निळी स्क्रीन, वर बिटलॉकर रिकव्हरी लिहिलेलं, खाली आकडे भरायची चौकट. सोबत मजकूर : "मॅडम हा पासवर्ड पाठवा." मी रोज लॅपटॉप उघडताना टाकते तो चार आकडी पिन पाठवला. पलीकडून "ओके मॅडम" आलं. मला वाटलं, काम झालं. दुसऱ्या दिवशी मशीन आणायला गेले तर कोऱ्या पाटीसारखं होतं. माझं नाव नाही, फॉन्ट नाहीत, एकही फोल्डर नाही. विचारलं तर म्हणाले, "पासवर्ड लागत नव्हता, म्हणून विंडोज नवीन टाकून दिली. आता मशीन एकदम फास्ट चालेल."

मला तेव्हा काही समजलंच नाही. रात्री पुण्याच्या भाच्याला फोन केला, तेव्हा त्याने जे समजावलं ते तुमच्या सर्व्हिस सेंटरमधल्या माणसाला माहीत असायलाच हवं होतं. म्हणून सविस्तर लिहिते.

विंडोज ११ असलेल्या बऱ्याच लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टचं खातं वापरून सुरुवात केली की डिस्कचं एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं, म्हणजे सगळा मजकूर कुलूपबंद होतो. विंडोजमधल्या या कुलपाचं नाव बिटलॉकर. माझं खातं दुकानातल्या सेल्समननेच काउंटरवर उघडून दिलं होतं. कुलूप लागलंय हे तेव्हाही कुणी सांगितलं नाही. या कुलपाची रोजची किल्ली टीपीएम नावाच्या चिपमध्ये असते आणि ती चिप मदरबोर्डशी बांधलेली असते. बोर्ड बदलला की नव्या चिपला जुनी किल्ली माहीत नसते, म्हणून निळी स्क्रीन येते आणि ४८ आकडी रिकव्हरी की, म्हणजे कुलूप उघडायची राखीव किल्ली, मागते. यात डिस्क बिघडलेली नसते, मजकूर जसाच्या तसा असतो. माझा पिन तिथे चालणारच नव्हता. तो पिन वेगळा, ही की वेगळी.

आणि ही की हरवलेली नव्हती. एन्क्रिप्शन असं आपोआप सुरू होतं तेव्हा तिची प्रत ग्राहकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन बसते. भाच्याने फोनवरच मला माझ्या खात्यातलं रिकव्हरी कीचं पान उघडायला लावलं. तिथे माझ्या लॅपटॉपचं नाव होतं, अपलोडची तारीख १२ ऑक्टोबर २०२४ होती, आणि समोर सहा-सहा आकड्यांचे आठ गट. मी ते जॉबशीटच्या मागे पेनाने उतरवून घेतले. मग टेक्निशियनने पाठवलेला फोटो मोठा करून पाहिला. त्या स्क्रीनवर की आयडी, म्हणजे कोणती किल्ली हवी त्याचा ओळख क्रमांक, छापलेला होता. त्यातली पहिली आठ अक्षरं माझ्या खात्यातल्या की आयडीशी तंतोतंत जुळली. म्हणजे जी किल्ली हवी होती, तीच माझ्याकडे होती. मागायला हवी होती एवढंच. ती की कुठे मिळेल हेही त्याच निळ्या स्क्रीनवर लिहिलेलं असतं. ते ना त्याने वाचलं, ना मला वाचायला सांगितलं.

आता ती की निरुपयोगी आहे. फॉरमॅट करताना कुलपाची मूळ नोंदच पुसली गेली आणि त्यावर नवी विंडोज बसली. माझ्या लॅपटॉपमधली डिस्क एसएसडी प्रकारची आहे. तिच्यात पुसलेली जागा ट्रिम नावाच्या सोयीमुळे लवकरच खरोखर रिकामी होते. पुण्यात डेटा रिकव्हरी करणाऱ्या एकाला दाखवलं. त्याने तपासणीचेही पैसे घेतले नाहीत. साधी डिस्क असती तर प्रयत्न केला असता, म्हणाला, कुलूपबंद डिस्क फॉरमॅट झाल्यावर हाती काही लागत नाही.

गेलं काय, तेही सांगते. एका दिवाळी अंकाची लावून झालेली ११२ पानं आणि एका शाळेच्या शताब्दी स्मरणिकेची ४८ पानं. माझ्याकडे पेनड्राइव्हवर १४ जूनपर्यंतची कॉपी आहे, हे मी लपवत नाही. त्यानंतरचं सगळं काम लॅपटॉपवर होतं. अंकातले बरेच लेख जुन्या फॉन्टमध्ये आले होते. ते युनिकोडमध्ये बदलले की रफार भलत्याच अक्षरावर जातो, जोडाक्षरं तुटतात, पोटफोड्या ष चा कधी भलताच आकार होतो. सॉफ्टवेअर बदलून देतं, पण प्रत्येक ओळ डोळ्यांखालून घालून हातानेच नीट करावी लागते. दोन महिने मी तेच करत होते.

स्मरणिकेचं तर त्याहून अवघड आहे. शाळेचे एक जुने शिक्षक आहेत, वय ब्याऐंशी. नजर गेल्यामुळे लिहिता येत नाही. चार दुपारी ते माझ्या टेबलाशेजारी बसून आठवणी सांगत होते आणि मी थेट टाइप करत होते. त्याचा कागद कुठेच नाही. परवा त्यांच्याकडे जाऊन सगळं सांगितलं. ते म्हणाले, "पुन्हा सांगतो, ये." पण बोलता बोलता ते आता थकतात, आणि पहिल्यांदा सांगताना जी नावं भराभर येत होती त्यांच्यासाठी आता थांबतात. ही भरपाई तुम्ही मला कोणत्या हिशेबाने देणार?

सर्व्हिस सेंटरने मला जॉबशीटच्या मागची बारीक अक्षरांतली अट दाखवली : डेटाची जबाबदारी कंपनीची नाही. डिस्क आपोआप निकामी झाली असती तर मी ही अट मान्य केली असती. इथे डिस्क चांगली होती. ती तुमच्या माणसाने स्वतःच्या हाताने पुसली, मला न विचारता, आणि हात लावणार नाही असं सांगितल्यानंतर. याला ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(११) मध्ये सेवेतील त्रुटी म्हणतात. लॅपटॉप धंद्यासाठी घेतला म्हणून मी ग्राहक नाही, असंही एकाने ऐकवलं. कलम २(७) चं स्पष्टीकरण वाचावं. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठीच घेतलेली वस्तू व्यापारी हेतूत मोजली जात नाही.

माझी पहिली मागणी पैशाची नाही. मदरबोर्ड बदलण्यासाठी मशीन घेताना जॉबशीटवर एक ओळ छापा : एन्क्रिप्शन चालू आहे का, रिकव्हरी की ग्राहकाकडे आहे का. मशीन चालू होत असेल तर बोर्ड काढण्याआधी बिटलॉकर तात्पुरतं थांबवता येतं. चालू होत नसेल, माझ्यासारखं, तर ग्राहकाला काउंटरवरच त्याच्या मोबाईलवरून खातं उघडून की पाहायला सांगा. दहा मिनिटांचं काम आहे. आणि की मिळाली नाही तरी फॉरमॅट करण्याआधी वेगळी लेखी सही घ्या. फोनवरचं "ओके" पुरेसं नाही. माझ्या मशीनमधली एसएसडी स्क्रू काढून बाहेर काढता येते. ती माझ्या हातात देऊन दुसरी लावली असती तरी माझं काम वाचलं असतं.

विकतानाही हे सांगा. तुमच्या सोबतच्या पुस्तिकेत चार्जर भिंतीत कसा लावायचा याचं चित्र आहे, कुलपाबद्दल एक अक्षर नाही. मी आता ओळखीच्या प्रत्येकाला सांगते की सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी उघडा, तिथे डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू दिसलं तर आजच की कागदावर उतरवून कपाटात ठेवा, लॅपटॉपच्या बॅगेत नको. बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारा मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम, अपडेट झाल्यावरही कधी कधी हीच निळी स्क्रीन येते, आणि ते अपडेट तर तुमचंच ॲप सुचवत असतं. हे सांगण्याचं काम ग्राहकाच्या भाच्याचं नाही, तुमचं आहे.

दुसरी मागणी, १६० पानांचं काम पुन्हा करण्याचे पानामागे १५० रुपयांप्रमाणे २४,००० रुपये. हा माझा नेहमीचा दर आहे आणि गेल्या वर्षीच्या बिलांच्या प्रती सोबत आहेत. तिसरी, मला न विचारता फॉरमॅट केलं हे मान्य करणारं लेखी पत्र. ते मला अंकाच्या संपादकांना आणि शाळेला दाखवायचं आहे. दोघांनाही पानं उशिरा का मिळतायत हे माझ्या तोंडी सांगण्यावर सोडू नका.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि त्यानंतर सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. मी राहते तिथेच दावा दाखल करता येतो आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही. जायची हौस नाही. २० ऑक्टोबरला दिवाळी आहे आणि मला त्याआधी ११२ पानं पुन्हा लावायची आहेत.

उत्तर जॉबशीटवरच्या पत्त्यावर, शक्यतो मराठीत पाठवावं.

आपली,
जॉबशीटवर नाव असलेली ग्राहक

सोबत : खरेदीचं बिल, जॉबशीटच्या दोन्ही बाजूंची प्रत, निळ्या स्क्रीनचा फोटो व व्हॉट्सॲपवरचं बोलणं, खात्यातल्या की आयडीचा स्क्रीनशॉट (४८ आकडे झाकून), गेल्या वर्षीची तीन बिलं